आंबट तेवढं उरलं

माझ्या कामात नीट थुंकता यावं लागतं. हसू नका, खरंच सांगतोय. सकाळी अकराच्या सुमारास, तोंड स्वच्छ असताना, समोर सहा-आठ ग्लास मांडायचे. एकेकातला घोट घ्यायचा, जिभेवरून फिरवायचा, ओठांचा चंबू करून थोडी हवा आत ओढायची आणि मग बादलीत एक धार सोडायची, शर्टावर न सांडता. गिळत बसलं तर पाचव्या ग्लासापासून सगळ्याच वाइन उत्तम लागायला लागतात. कंपनी मला उत्तम म्हणायचा पगार देत नव्हती, का उत्तम ते लिहायचा देत होती.

मी नाशिककडचा. केमिस्ट्री घेऊन बीएस्सी झालो आणि एका वाइनरीच्या प्रयोगशाळेत चिकटलो. तिथे वीस वर्षं द्राक्षाच्या रसातलं आम्ल मोजलं. मग वरच्या साहेबांना वाटलं की पूर्वेकडे आपला माणूस हवा, आणि मोजणारा माणूस बोलूही शकतो हे कुणाच्या तरी लक्षात आलं. मला कोलकात्याला पाठवलं. त्याला आता सहा वर्षं झाली. पूर्व विभाग म्हणजे मी, एक लॅपटॉप, बजबजच्या वाटेवरच्या गोदामातला भाड्याचा थंड कोपरा आणि दक्षिण कोलकात्यात तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. बायको नाशिकला शाळेत शिकवते, मुलगी कॉलेजात. ‘दोन-तीन वर्षांचा तर प्रश्न आहे,’ असं म्हणून घरातून निघालो होतो. दोन-तीन वर्षांचे प्रश्न असे सुटत नसतात.

आमची नाव घेण्यासारखी वाइन पांढरी, आणि तिचं सगळं बळ आंबटपणात. आता आंबट म्हटलं की लोक तोंड वाकडं करतात, ॲसिडिटी म्हटलं तर सरळ पोटावर हात ठेवतात. पण आंबटपणा काढून घ्या, वाइन म्हणजे गार पडलेला काढा. जिवंत आंबटपणा ओळखायची एक साधी रीत आहे, ती मी हॉटेलांतल्या लोकांना कितीदा शिकवली असेल. घोट थुंकून टाका, मान जराशी खाली घाला, तोंड किंचित उघडं ठेवा आणि गप्प बसा. कानाखाली, जबड्याच्या मागे, कुणी चिमटा घेतल्यासारखं होतं आणि जिभेखाली दोन्ही बाजूंनी पाणी सुटतं. ते किती सुटतं आणि किती वेळ सुटत राहतं एवढंच बघायचं. बाकीच्या गप्पा नंतर.

आणि आंबट काय एकच असतं का? कैरीचा आंबटपणा पुढच्या दातांवर येतो आणि दात आंबवून जातो. ताकाचा मऊ, गालांच्या आतून पसरतो. लिंबाचा झटकन येतो आणि झटकन निघून जातो. चिंचेचा जिभेच्या मुळाशी बसून राहतो, उठत नाही. चिंचेत जे आम्ल तेच द्राक्षात, हे मी सांगितलं की कोलकात्यातले लोक पहिल्यांदाच माझ्याकडे जरा आदरानं बघायचे, कारण फुचक्याच्या, म्हणजे इथल्या पाणीपुरीच्या, चिंचपाण्यासाठी हे शहर जीव टाकतं. इंग्रजी पुस्तकांत गूजबेरी लिहिलेलं असतं. आयुष्यात न खाल्लेल्या फळाची चव आपल्या वाइनला आहे असं छातीठोकपणे लिहिणारे आमच्या धंद्यात पैशाला पासरी. मी कैरी लिहायचो. साहेबांना ते गावठी वाटायचं.

या शहरात मला माणूस म्हणावा असा एकच मिळाला. मध्य कोलकात्यात एक जुना क्लब आहे, तिथलं वाइनचं सगळं खातं ते बघत. वय बासष्ट-त्रेसष्ट, राहायला बागबाजारात, पांढऱ्या कोटाची सगळी बटणं लावलेली, उन्हाळ्यातसुद्धा. मी त्यांना दादा म्हणायचो, ते मला दादा म्हणायचे. इथे सगळेच सगळ्यांना दादा म्हणतात. मात्र मी मागच्या दारानं पँट्रीत शिरलो की ते स्वयंपाक्याला हाक मारून सांगायचे, ‘बर्गी आले रे, भांडी आवर.’ पूर्वी मराठे घोडेस्वार बंगाल लुटायला यायचे, त्यांना इथले लोक बर्गी म्हणत. त्यांच्या धास्तीनं खणलेला खंदक बागबाजारपासूनच सुरू व्हायचा. दादांनी आम्हाला अजून माफ केलेलं नव्हतं. मी म्हणायचो, ‘आता लुटायला तुमच्याकडे उरलंय काय, कटलेट?’ आमची बोली हिंदी, त्यांच्या बाजूनं निम्मी बंगाली आणि माझ्या बाजूनं निम्मी मराठी. एवढी थट्टा करायलाही मला दुसरं कुणी नव्हतं.

क्लबात नवा लॉट द्यायचा तर त्यातल्या दोन बाटल्या आम्ही दोघांनी पँट्रीत बसून आधी बघायच्या, असा आमचा रिवाज. दादांना पोटाचं दुखणं. डॉक्टरांनी आंबट बंद केलेलं, त्यामुळे ते वाइन तोंडात घेत नसत, नुसता वास घेत. पण काय नाक होतं त्या माणसाचं. ग्लास नाकाशी नेला न नेला तोच म्हणायचे, ‘पेरूची साल.’ किंवा, ‘कच्ची मिरची, पण बिया काढलेली.’ मी म्हणायचो, मिरची नाही, ओलं गवत आहे. मग आमची जुंपायची. पंधरा मिनिटं एका ग्लासावरून भांडायचो आम्ही, आणि दोघांनाही ते आवडायचं. शेवटी मी चव घेऊन एका कार्डावर चार ओळी लिहून द्यायचो आणि दादा ते कार्ड टेबलापाशी उभं राहून मेंबर लोकांना वाचून दाखवायचे. माझ्या कार्डातला शब्द त्यांनी कधी बदलला नाही.

मागच्या वर्षी दुर्गापूजेच्या थोडं आधी मला ताप आला. चार दिवस होता. पाचव्या दिवशी ताप गेला आणि जाताना वास घेऊन गेला.

मला ते लगेच कळलंही नाही. सकाळी दूध गॅसवर ठेवून मी बाहेरच्या खोलीत पेपर चाळत बसलो होतो. शेजारच्या काकूंनी दार बडवलं. त्यांच्यामागे खालच्या मजल्यावरचे एक गृहस्थ, नाकाला रुमाल लावून. माझ्या घरातला धूर जिन्यातून खालपर्यंत गेला होता आणि मी दहा पावलांवर बसून राशिभविष्य वाचत होतो. पातेलं कोळसा झालेलं. काकू म्हणाल्या, ‘झोपला होतात का?’ मी म्हटलं, हो. काय सांगणार?

नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी दिवा घालून आत बघितलं आणि म्हणाले, येईल परत. कधी, ते सांगता येत नाही. काहींना येतच नाही. त्यांच्यासमोर मी मान डोलावली, फी दिली, खाली येऊन फूटपाथवर उभा राहिलो. समोर एकजण काहीतरी तळत होता. तेलात बुडबुडे दिसत होते, चुरचुर ऐकू येत होती, आणि बाकी काही नाही. कुणीतरी काचेपलीकडे तळत असावं तसं.

लोकांना वाटतं वास गेला तर काय मोठंसं बिघडलं, चव तर आहे. चव कसली आलीय. आपण जिला चव म्हणतो तिच्यातलं बहुतेक सगळं नाकाचं असतं. जिभेला गोड, खारट, आंबट, कडू आणि वर थोडंसं, एवढंच कळतं. वरणभात म्हणजे मला गरम, मऊ आणि खारट. रसगुल्ला म्हणजे गार, स्पंजासारखा आणि गोड. दिवाळीला बायकोनं घरून गोडा मसाला पाठवला, दरवर्षी पाठवते. पुडकं उघडलं, नाक खुपसलं, आणि काही नाही. मातीची पुडी उघडल्यासारखं. तेवढ्यात तिचा फोन आला. ‘मिळाला का हो? या वेळी दगडफूल जरा जास्त पडलंय.’ मी म्हटलं, ‘अगं, वास सुटलाय घरभर.’ फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडलो. एक्कावन्नाव्या वर्षी मसाल्याचं पुडकं हातात घेऊन रडणारा माणूस स्वतःला कसा दिसत असेल ते मला तेव्हा कळलं, कारण खिडकीच्या काचेत दिसतच होतं.

मी कुणालाही सांगितलं नाही. बायकोला सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, ताबडतोब निघून या. आणि येऊन करू काय? नाक गेलेला वाइनवाला कोण ठेवणार? वीस अधिक सहा वर्षं एवढं एकच शिकलो होतो. मुलीचं शिक्षण चालू होतं. मी गप्प बसलो आणि नाक परत यायची वाट बघत राहिलो, घरी एकटा माणूस लाइट यायची बघतो तशी.

त्या महिन्यांत मला जिवंत असं काही लागत असेल तर ते आंबट. नाक लागत नाही त्याला, जीभ पुरते. मी बाजारातून कामरंगं, आमडे अशी इथली आंबट फळं आणायचो, बोरं आणायचो, संध्याकाळी ताटलीत चिरून मीठ लावून खिडकीपाशी बसायचो. समोरच्या इमारतीत घराघरांत टीव्ही चालू. मी फोड तोंडात टाकायचो आणि जबड्यामागे तो चिमटा बसेपर्यंत थांबायचो. बसला की बरं वाटायचं. कुणीतरी दार वाजवलं आणि आपलंच नाव घेतलं, इतकं बरं वाटायचं. वाइनचंही तेच. वास नाही, फळ नाही, फूल नाही. पण आंबटपणा कसा येतो, कुठून येतो, कुठे थांबतो, हे मला पूर्वी कधी कळलं नव्हतं इतकं बारीक कळायला लागलं. मी घड्याळ समोर ठेवून तोंडाचं पाणी मोजायचो. प्रयोगशाळेतला माणूस शेवटी.

आणि गंमत अशी की माझी कार्डं सुधारली. एकावर लिहिलं होतं: ‘ही दारात थांबत नाही, सरळ आत येते. कैरी पुढच्या दातांवर, चिंच जिभेच्या मुळाशी. घोट गेल्यावरही वीस आकडे मोजेपर्यंत तोंडाला पाणी.’ नाशिकहून मोठ्या साहेबांचा फोन आला. ‘अहो, काय लिहिताय आजकाल. जान आली तुमच्या लिखाणात.’ नाक शाबूत होतं तेव्हा इतक्या वर्षांत असं कुणी म्हटलं नव्हतं. मी थँक्यू म्हटलं आणि त्या दिवशी जेवलो नाही.

कार्डातले वास मात्र दादांचे. ते ग्लास हुंगून बोलायचे, मी विचारात पडल्यासारखा चेहरा करून ‘हं’ म्हणायचो आणि लिहून घ्यायचो. चोरीच ती, दुसरा शब्द नाही. एकदा ते म्हणाले, ‘आजकाल तुम्ही भांडत नाही, दादा.’ मी म्हटलं, ‘वय झालं.’ ते हसले, पण जरा खट्टू होऊन.

चैत्र संपता संपता नवा लॉट आला. गोदामाची कूलिंग मशीन मध्ये बंद पडली होती. गोदामवाला म्हणाला, एखादा दिवस. नंतर कळलं, पाच दिवस. एप्रिलच्या उकाड्यात पाच दिवस म्हणजे बाटल्यांची बुचं सरकणार, आत हवा शिरणार, आणि हवा शिरली की वाइन व्हिनेगरच्या वाटेला लागणार. हे मला शेंबडं पोर सांगू शकलं असतं. मी गोदामवाल्याचं ऐकलं, कारण ते ऐकायला सोपं होतं.

पँट्रीत आम्ही बसलो. दादांनी ग्लास नाकाशी नेला, खाली ठेवला, पुन्हा नेला. दुसरी बाटली उघडली, तिचाही वास घेतला. एरवी तडक बोलणारा माणूस फडक्यानं ग्लासाची दांडी पुसत राहिला.

‘दादा, हिला जरा व्हिनेगरसारखं येतंय का? व्हिनेगर, आणि थोडं नेलपॉलिश.’

मी घोट घेतला. आणि काय सांगू, सात महिन्यांत इतकं जिवंत मला काही लागलं नव्हतं. सगळं तोंड जागं झालं. जबड्यामागे दोन्हीकडून कळ आली, पाणी सुटलं, डोळेसुद्धा ओलावले. ती वाइन खराब असायला मला नको होती. एक तर ते, आणि दुसरी भीती. आता ‘मला कळत नाही’ म्हटलं की सगळंच सांगावं लागणार होतं.

मी खेकसलो. तापट आहे मी, घाबरलो की जास्तच. ‘व्हिनेगर? आंबट आहे ती, दादा. आंबटच असायला हवी. जन्म गोड संदेश खाण्यात गेला तुमचा, खरा आंबटपणा समोर आला की दचकता. इतकी वर्षं माझ्याबरोबर बसून हेच शिकलात?’

स्वयंपाक्याचा चमचा थांबला. दादांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, ‘तुम्ही म्हणता म्हणजे तसंच असेल. नाकाचंही वय होतं.’ मी कार्ड लिहायला घेतलं. अक्षर चांगलं आलं.

रविवारी एका जुन्या मेंबरच्या लग्नाच्या वाढदिवसाचं जेवण होतं. मलाही बोलावलं होतं, मी खांबापाशी उभा. दादांनी कोट खाली ओढला आणि कार्ड वाचलं. ‘जिवंत, चपळ, जिभेवर नाचणारा आंबटपणा.’ लोकांनी ग्लास उचलले. एका बाईंनी रुमाल ओठांना लावला. दुसऱ्यांनी ग्लास परत ठेवला, मग तिसऱ्यांनी. एक म्हातारे मेंबर मोठ्यानं म्हणाले, ‘ही काकडीवर ओता, वाया कशाला घालवायची.’ टेबल हसलं. दादा तिथेच उभे, कार्ड हातात.

क्लबचे सेक्रेटरी आले. त्यांनी ग्लास उचलला आणि नाकापर्यंत न नेताच मान मागे घेतली. ‘मला एवढ्या लांबून कळतंय. तुम्हाला कळलं नाही?’

दादांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, ‘निघते एखादी बाटली अशी कधीकधी.’ हे वाक्य आमच्या धंद्यात सगळ्यांना पाठ असतं. सेक्रेटरींनी आणखी चार बाटल्या फोडायला लावल्या. चारही तशाच.

‘माझी चूक आहे, सर,’ दादा म्हणाले. ‘यांनी चव बघितली होती. वास बघायचं काम माझं. मला वास कळेनासा झालाय.’

तेव्हा मी तोंड उघडायला हवं होतं. उघडलं नाही. याच्यापुढे मी स्वतःबद्दल काहीही चांगलं लिहिलं तरी वाचणाऱ्यानं ते या वाक्याच्या हिशेबानं घ्यावं.

कंपनीनं लॉट बदलून दिला, खापर गोदामवाल्यावर फुटलं, मला कुणी काही विचारलं नाही. तीन आठवड्यांनी क्लबात गेलो तर पँट्रीत दादा नव्हते. त्यांनी स्वतःहून वाइनचं काम सोडलं होतं आणि रजेवर गेले होते. स्वयंपाकी माझ्याकडे न बघता कांदा चिरत म्हणाला, ‘जायच्या आधी रोज मला विचारायचे, दूध नासलंय का बघ, लोणी ताजं आहे का बघ. चाळीस वर्षं तेच आम्हाला सांगत आले.’

मी बाहेर आलो आणि ट्राम नाही, बस नाही, तसाच चालत सुटलो. माझं नाक तापानं नेलं होतं. त्यांचं मी नेलं होतं. चांगलं, धडधाकट नाक, आणि मी त्याला सांगितलं होतं की तू खोटं बोलतोस, आणि त्या भल्या माणसानं माझ्यावर विश्वास ठेवला होता. त्याच दिवशी मी कंपनीला मेल लिहिली, तीन ओळींची. मला आठ महिन्यांपासून वास येत नाही. त्या लॉटची चूक माझी. क्लबातल्या माणसाचं नाक बरोबर होतं. लिहिली, वाचली, आणि पाठवली नाही. आणखी एक आठवडा फोन खिशात घालून हिंडलो.

मग एका रविवारी सकाळी मेट्रोनं श्यामबाजारला उतरलो आणि चालत बागबाजारात त्यांच्या घरी गेलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. दादा नुकते बाजारातून आले होते. लुंगी, बनियन, कोटाशिवाय ते अगदी किरकोळ दिसत होते. त्यांनी हातातली पिशवी बायकोकडे दिली. तिनं मासा वर काढला, हुंगला आणि मान हलवली. मी बघतोय हे दादांच्या लक्षात आलं. ‘ते खातं आता हिच्याकडे,’ ते म्हणाले. ‘मागच्या आठवड्यात आपण शिळा आणला असं वाटून मी चांगला मासा फेकून दिला.’

चहा आला. मी कप तसाच ठेवला आणि सांगून टाकलं. ‘दादा, तुमचं नाक शाबूत आहे. गेलंय ते माझं. पूजेच्या आधीपासून. त्या दिवशी तुम्ही बरोबर होतात आणि मला काहीही कळत नव्हतं.’

त्यांनी ऐकून घेतलं, हसले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. ‘तुम्ही फार चांगले आहात. माझं मन राखायला एवढं खोटं बोलायला बागबाजारपर्यंत आलात.’

‘अहो, खोटं नाही.’

‘वाइनच्या माणसाला वास येत नाही आणि तो आठ महिने काम करतो? असं कुठे असतं, दादा. चहा घ्या.’

मी पुन्हा सांगितलं. दुधाचं सांगितलं, डॉक्टरचं सांगितलं. ते मान हलवत राहिले, आजारी माणसाला भेटायला आलेल्या पाहुण्याची समजूत काढावी तशी माझीच समजूत काढत राहिले. आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलत होतो आणि त्याला हा माणूस दया समजत होता. माझा पारा चढला. म्हटलं, ‘घरात वासाचं काय असेल ते आणा. सगळं आणा. बघाच तुम्ही.’

दादा जागचे हलले नाहीत. त्यांची बायको उठली, आत गेली, मग शेजारी जाऊन आली. येताना तिच्या हातात झाकण ठेवलेल्या वाट्या होत्या. तिनं माझे डोळे गमछ्यानं बांधले, गाठ चांगली घट्ट मारली आणि पहिली वाटी माझ्या नाकाखाली धरली.

‘काही नाही,’ मी म्हटलं.

मग वाटी दादांकडे गेली असावी. त्यांचेही डोळे तिनं हातानं झाकले होते, असं मागाहून कळलं. मग दादांचा आवाज आला, बारीक, विचारल्यासारखा. ‘शुटकी, सुकी मासळी? शेजारची?’

‘हो,’ ती म्हणाली.

दुसरी वाटी. ‘काही नाही.’ दादा: ‘गंधराज लिंबू. काल-परवा तोडलेलं.’ ती म्हणाली, हो. तिसरीनं माझ्या नाकात जरासं झोंबलं. मी म्हटलं, ‘झोंबतंय. पण काय आहे ते कळत नाही.’ दादा माझं बोलणं पुरं व्हायच्या आत म्हणाले, ‘कासुंदी. मोहरीची.’ चौथी. मी म्हटलं, काही नाही. पाचवी. काही नाही. प्रत्येक वेळी माझा आवाज तोच आणि त्यांचा चढत चाललेला. ‘कापूर.’ ‘रॉकेल, पण फडक्याला लागलेलं, बाटलीतलं नाही.’ हो, ती म्हणाली. हो.

तिनं माझा गमछा सोडला. उजेडात दादांचा चेहरा बघितला. त्यावर आनंद पसरला होता. माझ्यासमोर तो दिसू नये म्हणून ते धडपडत होते आणि त्यांना ते जमत नव्हतं.

‘घरी माहीत आहे तुमच्या?’ त्यांनी विचारलं.

‘नाही. आत्ता तुम्हालाच, पहिल्यांदा.’

‘मग त्या दिवशी मला तसं का बोललात?’

भीती म्हणता आलं असतं, नोकरी म्हणता आलं असतं, आणि दोन्ही खरं होतं. ‘ती वाइन मला फार आवडली होती, दादा,’ मी म्हटलं.

ते रागावले होते, ते दिसत होतं, पण रागवायला त्यांना सवड नव्हती. ते उठून खिडकीपाशी गेले, पडदा नाकाशी धरला. ‘साबण. आणि नदीचा गाळ.’ टेबलावरचं वर्तमानपत्र उचललं. बायकोचा पदर ओढून हुंगला, म्हणाले, ‘हळद, सकाळची.’ ती त्यांचा हात झटकत हसत होती आणि त्याच पदरानं डोळे पुसत होती. ते आतल्या खोलीत गेले, ती मागोमाग गेली. तिथूनही त्यांचा आवाज येत होता. कपाट उघडल्याचा आवाज, आणि मग एकेक नाव, मोठ्यानं, न थांबता.

मी खिशातून फोन काढला, ती तीन ओळींची मेल पाठवून दिली आणि गार झालेला चहा संपवला. मला आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू. फक्त तो सांगायला त्या खोलीत कुणी नव्हतं. दार माझं मीच ओढून घेतलं.